आटे धरतात, मग पाणी कोण अडवते?

पुण्याहून सातारा रस्त्याने निघून नसरापूर फाट्याला उजवीकडे वळले की वेल्ह्याचा रस्ता लागतो. याच रस्त्यावर मार्गासनी हे गाव आहे. राजगडावर जाणारी पुष्कळ मंडळी इथे डावीकडे वळून साखरमार्गे गुंजवण्याला पोचतात. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील नववीची आठ मुले घेऊन मी असाच राजगडाला निघालो होतो. ऊन चढायच्या आत गडाची वाट धरायची असे ठरले होते. पण मार्गासनी जवळ आली आणि जीपमध्ये कसलासा गोडसर, उग्र वास भरला. पाठोपाठ बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघू लागली. ड्रायव्हरदादांनी गाडी कडेला घेतली.

नवल असे, की समोरच्या तापमानाच्या घड्याळातील सुई अगदी तळाशी होती. इंजिन थंडगार आहे, असे ती सांगत होती!

"परवाच काम करून आणलंय, सर," ड्रायव्हरदादा म्हणाले. "सेन्सर नवा घातला, त्याच्या शेजारची पितळी एल्बो पण बदलली. गळती नको म्हणून चांगली भरपूर टेप गुंडाळली होती त्यांनी."

तेवढ्यात आमच्यातला एक उत्साही मुलगा रुमालाने रेडिएटरची टोपी पिळायला पुढे झाला. रस्त्याच्या कडेच्या शेडमधून एक वयस्क मिस्त्री जवळजवळ धावतच आले आणि त्यांनी त्याचा हात मागे ओढला. "आरं पोरा, तोंड भाजून घ्यायचंय का? तासभर कुणी हात लावायचा न्हाई."

मुलगा हिरमुसला. पण मिस्त्रींनी केवढ्या संकटातून त्याला वाचवले, याचा हिशोब आम्ही तिथेच चिंचेखाली बसून केला. तो तुम्हीही करून पाहा.

रेडिएटरच्या टोपीत एक स्प्रिंग असते. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ०.९ किलोग्रॅम दर चौरस सेंटिमीटर इतका वाढेपर्यंत ती टोपी उघडत नाही. दाब वाढला की उकळबिंदूही वाढतो. प्रेशर कुकरचे तत्त्व तेच. म्हणून बंद रेडिएटरमध्ये ११५ अंश सेल्सियसचे पाणीही न उकळता राहू शकते. आता टोपी एकदम काढली तर? दाब क्षणात बाहेरच्याएवढा होतो. त्या भागाच्या उंचीवर पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. म्हणजे प्रत्येक ग्रॅम पाण्याजवळ १७ कॅलरी उष्णता जास्तीची झाली. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. तेव्हा एक लिटर पाण्यातील साधारण ३१ ग्रॅम पाण्याची तत्काळ वाफ होणार. एक ग्रॅम वाफ सुमारे १.७ लिटर जागा व्यापते. ३१ ला १.७ ने गुणा: एका लिटर पाण्यातून पन्नास लिटरांहून अधिक वाफ! आणि रेडिएटरमध्ये पाणी एक लिटर नसते. ही वाफ वाटेतले उकळते पाणी उडवीत थेट चेहऱ्यावर येते.

हिरमुसलेला मुलगा हिशोब संपल्यावर टोपीपासून आणखी दोन हात मागे सरकला.

फिरता जिना

इंजिन निवल्यावर मिस्त्रींनी टोपी काढली, बॉनेटखाली डोके घातले आणि बोटाने दाखवले. पितळी एल्बोच्या बुडाशी, जिथे ती इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या भागात आट्यांनी बसवली होती, तिथे हिरवट पांढरा थर साचला होता. पाणी इथूनच झिरपत होते. मुलांना आश्चर्य वाटले. सांधा हाताने हलवून पाहिला तर तो अजिबात हलत नव्हता. एवढा घट्ट बसलेला सांधा गळेल कसा?

"आटं फकस्त धरत्यात," मिस्त्री म्हणाले. "पानी अडवायचं काम त्यांचं न्हवं."

हे वाक्य आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे, असे मला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते. आटा म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला उतार. बाहेरचे आटे आतल्या आट्यांत फिरावेत म्हणून दोहोंमध्ये थोडी मोकळीक ठेवावीच लागते. नाहीतर सांधा फिरणारच नाही. ही मोकळीक आट्यांबरोबर गोल गोल फिरत आतून बाहेरपर्यंत जाते. जणू पाण्यासाठी बांधलेला गोल जिनाच! अर्ध्या इंची पाइपाचे उदाहरण घ्या. त्याला एका इंचात १४ आटे असतात. अर्धा इंच लांबी आत गेली तर सात फेरे झाले. एका फेऱ्याचा परीघ सुमारे ६२ मिलिमीटर. म्हणजे आतल्या पाण्याला सरळ वाटेने तेरा मिलिमीटर जायचे असले, तरी जिन्याने जायचे तर ४३ सेंटिमीटर चालावे लागते. वाट लांब आहे, पण बंद नाही.

बरे, फट बारीक ठेवली तर गळती किती कमी होते? अरुंद फटीतून वाहणाऱ्या द्रवाचा एक नियम फार कामाचा आहे. इतर सर्व गोष्टी सारख्या असतील, तर प्रवाह फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. फट निम्मी केली तर गळती निम्मी होत नाही, एक-अष्टमांश होते. उलट फट दुप्पट झाली तर आठपट! म्हणून थोडासा ढिलेपणाही महागात पडतो.

त्यातून गरम पाणी मोठे चपळ. २० अंशांच्या पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध, जेवढी असते, तिच्या एक-तृतीयांशापेक्षाही थोडी कमी श्यानता ९० अंशांच्या पाण्याची असते. पृष्ठताणही उतरतो. कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते, त्याचा पृष्ठताण पाण्याहून कमी. त्यामुळे कूलंट फटीच्या भिंतींना चटकन ओले करते आणि आत शिरते. घरी नळाला न गळणारा सांधा गाडीत गळतो, तो असा.

एक छोटा प्रयोग करा. आट्यांचे झाकण असलेली प्लास्टिकची बाटली पाण्याने भरा. झाकण घट्ट लावून बाटली उलटी करा. पाणी गळणार नाही. आता झाकण अर्धा फेरा सैल करा. आटे अजून एकमेकांत अडकलेले आहेत, झाकण ओढून निघत नाही. बाटली उलटी धरून तिला हळूच दाबा. पाणी आट्यांतून बाहेर येईल. घट्ट असताना पाणी अडवत होते ते आटे नव्हते. झाकणाच्या आतली कडा बाटलीच्या तोंडावर दाबून बसली होती, ती अडवत होती. आट्यांचे काम त्या कडेला दाबून धरण्याचे. हाच प्रयोग पाण्यात थोडा साबण घालून पुन्हा करा, आणि न दाबता काय होते तेही पाहा.

एक चूक, दोन प्रकार

मिस्त्रींनी पान्याने एल्बो सोडवली. आट्यांवर पांढऱ्या फितीच्या चिंध्या लोंबत होत्या. मग सेन्सर काढला. त्याच्यावर फितीचे सात-आठ वेढे होते. त्यांनी दोन्ही वस्तू मुलांच्या तळहातावर ठेवल्या आणि विचारले, "फरक सांगा."

मुलांनी बराच वेळ पाहिले. अखेर एका मुलीच्या ध्यानात आले: एल्बोचे आटे टोकाकडे निमुळते होत गेले होते, तर सेन्सरचे आटे सगळीकडे सारख्याच जाडीचे होते.

सगळे मर्म यातच होते. निमुळते आटे पाचरीसारखे काम करतात. दर १६ मिलिमीटर लांबीला व्यास एक मिलिमीटरने कमी होतो. सांधा जसजसा आत जाईल तसतसा आवळत जातो. तरीही आट्यांच्या शेंड्यांशी आणि बुडाशी सूक्ष्म वाट राहतेच; ती भरायला फीत, लेप किंवा धागा लागतो. इथे पाणी आट्यांतच अडवायचे असते. समांतर आट्यांची गोष्ट वेगळी. ते कितीही फिरवले तरी पाचर होत नाहीत. तिथे पाणी अडवायचे ते कॉलरखाली, तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वॉशरने. आपले मिस्त्री त्याला वायसर म्हणतात. भारतीय मानकांतही या दोन जातींची सरमिसळ केलेली नाही. ज्या पाइपांत आट्यांवरच दाब अडवायचा, त्यांच्या आट्यांसाठी आयएस ५५४ हे मानक आहे.

आदल्या कारागिराने सेन्सरचा वायसर लावलाच नव्हता. त्याची उणीव त्याने फितीने भरून काढली होती. पाणी अडले, हे खरे. पण सेन्सरला एकच तार असते. विजेचा प्रवाह त्या तारेने सेन्सरमध्ये येतो आणि परत जातो तो सेन्सरच्या पितळी अंगातून, आट्यांतून, इंजिनच्या धातूतून. सेन्सरच्या आत थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा रोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि सुई वर चढते. फितीचे दोन-तीनच वेढे असते तर आट्यांच्या धारांनी ती कापली जाऊन धातू धातूला टेकला असता. इथे वेढे इतके होते, की कॉलर बसण्याआधीच सेन्सर घट्ट झाला आणि धातूचा स्पर्श जवळजवळ तुटला. ती फीत विजेची उत्तम रोधक. रोध वाढला म्हणजे इंजिन थंड आहे, एवढेच घड्याळाला कळते. शेजारी एल्बो गळत होती, इंजिन तापत होते आणि ते सांगायचे ज्याचे काम, त्याच्याच तोंडाला त्या फितीने कुलूप घातले होते. तसेच चार-सहा किलोमीटर रेटले असते, तर ॲल्युमिनियमचा हेड वाकडा होऊन इंजिन उतरवायची पाळी आली असती.

एल्बोची चूक निराळी. तिचे तोंड रबरी नळीच्या दिशेला यायला हवे. कारागिराने ती आवळली, तोंड थोडे पुढे गेले, म्हणून त्याने ती पाव फेरा मागे फिरवली. दिसायला क्षुल्लक गोष्ट! आता हिशोब पाहा. एका फेऱ्याला एल्बो १.८ मिलिमीटर सरकते, पाव फेऱ्याला ०.४५. तिला सोळाने भागा. व्यासात सुमारे ०.०२८ मिलिमीटरची सैल पडली. माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही ही फट लहान आहे. पण फीत एकदा चेपली की स्पंजासारखी फुगून पुन्हा फट भरत नाही. म्हणून निमुळता सांधा पुढे फिरवून दिशा साधायची, मागे कधीच नाही.

न चिकटणारी फीत

या पांढऱ्या फितीची जन्मकथा मोठी गमतीची आहे. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हा तरुण रसायनशास्त्रज्ञ शीतकरणासाठी उपयोगी पडेल अशा वायूंवर काम करीत होता. टेट्राफ्लुओरोएथिलीन वायूने भरलेल्या एका नळकांड्याची तोटी उघडली तर वायू येईना. वजन केले तर नळकांडे भरलेलेच! दुसऱ्या कोणी ते फेकून दिले असते. प्लंकेट आणि त्याच्या सहकाऱ्याने ते कापले. आत मेणचट पांढरी पूड होती. वायूच्या रेणूंनी आपोआप एकमेकांचे हात धरून लांबच लांब साखळ्या केल्या होत्या. तेच पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीन, म्हणजे टेफ्लॉन. जवळजवळ कोणत्याही रसायनाला ते दाद देत नाही, २६० अंशांपर्यंत टिकते आणि कशालाही चिकटत नाही.

जे कशालाच चिकटत नाही, ते गळती थांबवते कसे? चिकटवण्याचे काम त्याच्याकडे नसतेच मुळी. ते निसरडे असल्यामुळे निमुळता सांधा नेहमीपेक्षा एखादा फेरा अधिक आत जातो, आणि मऊ असल्यामुळे दाबाखाली पसरून तो गोल जिना बुजवते. मात्र निसरडेपणाचा तोटाही आहे. किती आवळले ते हाताला कळत नाही, आणि पाचर ठोकल्यासारखा ॲल्युमिनियमचा भाग तडकतो.

ही फीत येण्यापूर्वी, आणि आपल्याकडे तर पुष्कळ नंतरपर्यंत, नळकाम करणारे लोक धागा आणि सफेदा वापरीत. धागा भिजला की फुगतो आणि फट भरतो. सफेदा त्याला जागेवर ठेवतो. जुन्या सफेद्यात शिसे असे आणि ते विषारी. तिसरी जात द्रव लेपाची. १९५३ साली अमेरिकेतील हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमधील प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी एक चमत्कारिक लेप सिद्ध केला. हवा लागते तोवर तो द्रवच राहतो. आट्यांच्या फटीत, जिथे हवा नाही आणि धातू आहे, तिथे तो कडक होतो. म्हणूनच त्याच्या बाटल्या पूर्ण भरत नाहीत. बाटलीत हवा ठेवली नाही तर लेप बाटलीतच जमून बसेल!

बाजारात आणखी एक उपाय मिळतो: रेडिएटरमध्ये ओतायची गळतीबंद पूड. अडचणीच्या वेळी गाडी घरापर्यंत आणायला ती ठीक. पण तिला आट्यातली फट कोणती आणि रेडिएटरची बारीक नळी कोणती, हे कळत नाही. मला तरी ती कधी आवडली नाही.

आणि एक कोडे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडमध्ये आट्यांचे माप ठरवून दिले, तेव्हा दोन आट्यांमधला कोन ५५ अंश घेतला. आपल्याकडील पाइपांचे आटे त्याच घराण्यातले. अमेरिकन पाइपांच्या आट्यांचा कोन ६० अंश. पण अर्ध्या इंची मापात दोघांचेही इंचाला १४ आटेच असतात. मग एकाचा सांधा दुसऱ्यात बसेल का? बसतो, चार-पाच फेरे छान फिरतो आणि गळतो. का, ते कागदावर आकृती काढून शोधा.

लाल झालेला वायसर

मिस्त्रींनी तारेच्या ब्रशाने सगळे आटे घासून जुन्या फितीचा कण न् कण काढला. चिंध्या आत गेल्या तर थर्मोस्टॅटमध्ये अडकतात, असे ते म्हणाले. मग एल्बोचे आटे आपल्याकडे करून त्यांनी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फितीचे तीन वेढे ताणून दिले. पहिला आटा मोकळा ठेवला. ही दिशा अशासाठी, की सांधा आवळताना फीत उलगडत नाही, उलट अंगाला लपेटत जाते. एल्बो आवळली, तोंड नळीच्या थोडे अलीकडे आले असता ते पुढे फिरवून बरोबर जुळवले आणि हात थांबवला.

सेन्सरसाठी त्यांनी डब्यातून तांब्याचा एक जुना वायसर शोधला. तो कडक झाला होता. चिमट्यात धरून तो ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवला आणि पाण्यात टाकला. "आता मऊ झाला," ते म्हणाले. मुलांना हे पटेना, कारण लोहाराकडे पोलाद तापवून पाण्यात बुडवले की ते कडक होते, हे त्यांनी पाहिले होते. तांब्याचे तसे नाही. दाबला-ठोकला गेल्याने त्याच्या स्फटिकांत गुंता होतो आणि ते कडक होते. लाल तापवल्यावर स्फटिकांची नवी मांडणी होऊन ते मऊ पडते. पाण्यात बुडवल्याने फक्त लवकर थंड होते आणि वरची काळी पापडी सुटते. असा मऊ वायसर कॉलरखाली चेपला, की पृष्ठभागावरचे सूक्ष्म ओरखडेही भरतो. शिवाय धातूच असल्याने विजेला वाट देतो. सेन्सरच्या आट्यांवर फितीचा एक वेढाही दिला नाही.

बॅटरीच्या धन टोकाला चाचणीचा दिवा जोडून त्याची दुसरी तार सेन्सरच्या अंगाला टेकवली. दिवा लख्ख पेटला. जुनी फीत असताना हीच चाचणी मिस्त्रींनी आधी केली होती, तेव्हा दिवा लागला नव्हता.

सांडलेले हिरवे कूलंट मात्र त्यांनी आम्हाला मातीने झाकायला लावले. शेडमध्ये एक कुत्रे होते. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि कुत्र्यालाच काय, माणसालाही जीवघेणे ठरते.

कळशीने स्वच्छ पाणी आणून रेडिएटर भरला. कूलंट पुण्याला परतल्यावर घालायचे ठरले. इंजिन सुरू केले. सगळे जण घड्याळावर डोळे लावून बसले. मिनिटभर सुई हललीच नाही. मग ती हळूहळू वर सरकली आणि मधोमध येऊन थांबली. सुई वर चढल्याचा इतका आनंद मी तरी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

गडावर पोचायला आम्हाला दुपार झाली. मुक्कामाला परत गुंजवण्याला उतरलो, तेव्हा त्याच उत्साही मुलाने जीपखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवला. सेकंदाला एक थेंब म्हणजे, वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर, दिवसाला चार लिटरांहून जास्त, हा हिशोब त्याने चालता चालता स्वतःच केला होता. सकाळी उठल्याबरोबर तो तोंड धुण्याआधी जीपकडे पळाला. पुठ्ठा कोरडा होता.